पातळ तेलावर तंजावर

चेन्नईतल्या पेरुंगुडीहून तंजावरला जायचं ठरलं ते आत्याबाईंच्या ऐंशीव्या वाढदिवसासाठी. आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. हे घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचं मराठी, मी पुण्याहून आलेली सून. गाडी माझी, टर्बो पेट्रोल, आणि चालवणारही मीच, नवरा शेजारी.

निघण्याआधी सर्व्हिसिंग होतं. मामंजी आवडी उपनगरातल्या आपल्या घरून थेट गॅरेजवर हजर, हातात २०डब्ल्यू-५० या घट्ट तेलाचा डबा! उभा जन्म रणगाड्यांच्या कारखान्यात गेलेला. "एवढ्या उन्हांत पातळ तेल वेण्डाम, नकोच, मा. एंजिन जातं की!"

माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० सिंथेटिक लिहिलंय. पहिला आकडा थंड इंजिनातल्या तेलाचा, दुसरा तापलेल्या इंजिनातल्या; आकडा जितका मोठा तितकं तेल घट्ट. टर्बो भयंकर वेगाने फिरतो. गाडी सुरू होताच तेल तिथे पोचायला हवं, आणि घट्ट तेल रेंगाळतं. मॅन्युअल दुसऱ्या आकड्यात चाळिसाला हो म्हणत असतं तर मीही घातलं असतं. तुम्हीही मॅन्युअलच बघा, सासऱ्यांना विचारू नका.

"मग मी एग्मोरहून रेलनं येतों," म्हणाले आणि खरंच गेले. गुडघे दुखत असताना! राग आला, वाईटही वाटलं. सासरा सुनेच्या गाडीत का बसत नाही, हे तंजावरात सगळे विचारणार होते.

विक्रवांडीपर्यंत रस्ता झकास, पुढे मधूनमधून कामं चालू. पणरुटीला फणसांचे ढीग. गरे गाडीत खाऊ नका, वास जात नाही. कुंभकोणमला पितळी डबऱ्यातली, म्हणजे पसरट वाटीतली, कॉफी घ्याच. इंजिनाच्या तापमानाचा काटा जागचा हलला नाही.

मामंजी आमच्यानंतर पोचले. जेवताना आत्याबाईंनी विचारलंच, "सुनेची मोटार असतां रेलनं कां रे?"

"पातळ तेल घातलं तिनं."

"पातळ तेलावर ती तुझ्या अगोदर पोचली की!"

मामंजी भात कालवत राहिले.

परतताना ते पिशवी घेऊन पुढच्या सीटवर बसले. नवरा मागे. पणरुटीला गाडी थांबवली.

"लगेच बंद करूं नको, टर्बोला दम घेऊं दे."

"तेच करतेय, मामंजी."

"सरि, बरं."

नवरा फणस आणायला उतरला. आम्ही दोघं इंजिनाचा आवाज ऐकत बसलो.

त्या डब्यातलं घट्ट तेल आवडीच्या घराच्या फाटकाच्या बिजागऱ्यांना लागलं. फाटक आता करकरत नाही. आम्ही कुठेही निघालो की मामंजी आधी बॉनेट उघडायला लावतात, डिपस्टिकवरचं तेल चिमटीत चोळतात, "पाणीच आहे," म्हणतात, आणि पुढच्या सीटवर जाऊन बसतात.