व्हर्नेल विमान उतरवते

ओटिस ग्रिम्सली अमेरिकेच्या अध्यक्षांच्या विमानात जेवण वाढत असे. वायुदलाच्या नोकरीत त्याने चार अध्यक्षांना वाढलं, चौघांच्या बायकांना वाढलं आणि एकाच्या कुत्र्यालाही. कॅम्प स्प्रिंग्जच्या चर्चमध्ये लोक विचारत, "काय रे ओटिस, साहेबांना कॉफी कशी लागते?" ओटिस म्हणे, "गरम." याहून जास्त कोणाला काही कळलं नाही.

त्या विमानाचं वाणसामान आणायची एक रीत होती. साधे कपडे घालून जायचं, रोज वेगळ्या दुकानात, आणि कुठे चाललोय ते कोणालाही सांगायचं नाही. अध्यक्षांच्या ताटात कोणी काही कालवू नये म्हणून. रीत चांगलीच होती. फक्त निवृत्तीनंतर ओटिसने ती घरी आणली. अंडी वॉल्डॉर्फहून, पालेभाजी ऑक्सन हिलहून, पुढच्या आठवड्यात बरोबर उलट. बायको व्हर्नेल म्हणे, "आपल्या पाल्यात कोण विष घालणार आहे रे? मिस लोरेन?" मिस लोरेन म्हणजे शेजारीण. ओटिस पिशवी उचलून निघे. शक्यता नाकारायची नाही, असंच त्याला शिकवलं होतं.

व्हर्नेल मात्र जन्मात विमानात बसली नव्हती. माहेरी चार्ल्स्टनला ती आगगाडीने जाई. याचं कोणाला नवल वाटलं तर ती म्हणे, "एका घरातून एकाने उडलं की पुरे."

अशात रेनिटाचा टकोमाहून फोन आला. ती त्यांची एकुलती मुलगी. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला सासरी होती आणि पहिलटकरीण होती. डॉक्टरांनी तिला पलंगावरून उतरू नको म्हणून सांगितलं होतं. आता ते थांबायला तयार नव्हते, गुरुवारीच पोट उघडून बाळ काढणार होते. "ममा, तू ये," एवढं बोलून ती रडली. रेनिटा सहसा रडणाऱ्यातली नव्हती. तो दिवस सोमवार होता. आगगाडीने पोचेपर्यंत बाळाचं बारसंच उरकलं असतं.

ओटिसने दोन तिकिटं काढली आणि सवयीप्रमाणे कोणालाही सांगितलं नाही. मंगळवारी सकाळी दोन बॅगा दाराशी ठेवून तो म्हणाला, "चल, निघायचंय."

"कुठे?"

"विमानतळावर."

व्हर्नेल मक्याच्या पावाचं पीठ कालवत होती. तिने चमचा भांड्यात उभा करून ठेवला. "मला आत्ता सांगतोस? मी काय तुमच्या विमानातली पत्रकार आहे, ऐनवेळी कळवायला?"

"आधी सांगितलं असतं तर तू रात्रभर झोपली नसतीस."

"आणि आता बसणार आहे वाटतं मी?"

मग ओटिसने तिला इतिहास सांगितला. थिओडोर रूझवेल्ट पदावरून उतरल्यावर काठ्या नि कापडाच्या विमानात बसले होते. ना छप्पर, ना भिंत. हात हलवत बसले होते!

"खाली किती माणसं होती?"

"हजारो. जत्राच होती."

"बघ. सगळी बघत होती ना? म्हणून उतरले."

"बरं, दुसरे रूझवेल्ट. पायांनी अधू माणूस, ऐन लढाईत समुद्र ओलांडून आफ्रिकेला गेला विमानाने."

"त्याला लढाई होती. मला नाही."

"तुला नात होणार आहे, व्हर्नेल."

यावर ती खुर्चीत बसली. मग जे बोलली ते ओटिसने इतक्या वर्षांच्या संसारात कधी ऐकलं नव्हतं.

"तू कुठे चाललास ते मला कधी सांगायचा नाहीस. मला टीव्हीवर कळायचं. धावपट्टी दाखवायचे, लाल गालिचा दाखवायचे. मी याच खुर्चीत बसायचे. चाकं टेकेपर्यंत उठायचं नाही, हातातली कॉफी प्यायची नाही. एकदा दूध उतू गेलं, जाऊ दिलं. प्रत्येक वेळी टेकली चाकं."

"अगं, ती पायलटने टेकवली."

"पायलटने आणि मी." ती अगदी शांतपणे म्हणाली. "मी वर बसले तर खाली कोण?"

ओटिसने यावर विचार केला. अध्यक्षांचे प्रश्न त्याला कधी इतके अवघड गेले नव्हते. "मिस लोरेन बघेल की."

"ती? ती मध्येच उठून कुत्र्याला बाहेर नेते."

शेवटी तिनेच निकाल दिला. ती जाईल. एकटी. तो खाली राहील आणि बघेल. ओटिसने आपलं तिकीट रद्द केलं. आयुष्यभर वर वाढणारा माणूस खाली ठेवला गेला, पण व्हर्नेल विमानतळाच्या दारातून आत गेली. आत जाताना मागे वळून म्हणाली, "उठायचं नाही हं."

कोणा साध्यासुध्या आजीबाईंचं विमान टीव्हीवर दाखवत नाहीत. ही अडचण ओटिसच्या घरी पोचल्यावर लक्षात आली. मिस लोरेनने आपला टॅबलेट आणून दिला. त्यात नकाशा होता आणि नकाशावर एक चिमुकलं पिवळं विमान. ते ओहायोवर होतं. ओटिस व्हर्नेलच्या खुर्चीत बसला. खुर्ची त्याला आखूड पडत होती.

"पिवळंच का?" मिस लोरेनने विचारलं.

"माहीत नाही."

"तू तर विमानातला माणूस."

"मी जेवण वाढायचो."

वादळात, विमान बादलीसारखं हिंदकळत असताना, ओटिस सूपाच्या वाट्या घेऊन चालला होता आणि एक थेंब सांडला नव्हता. आता तो पिवळ्या ठिपक्याकडे बघत होता आणि त्याचे हात मांडीवर रिकामे पडले होते. वर असताना हातांना काम असतं. खाली नुसतं बघायचं असतं. हे काम बायकोने त्याच्या सबंध नोकरीभर केलं आणि तिला पेन्शन मिळाली नाही, हे त्याच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं.

डकोटावर ठिपका थांबला.

"हलत नाहीये रे," मिस लोरेन म्हणाली.

"हलेल."

"विमानं थांबतात का अशी?"

"मिस लोरेन, तुझं कुत्रं भुंकतंय."

ती गेली. ठिपका थांबलेलाच. ओटिसला बसवेना. तो उठला, स्वयंपाकघरात जाऊन कॉफी ओतली, तिथेच उभ्याने अर्धी प्यायला आणि धावत परत आला. ठिपका मोंटानात होता.

त्यानंतर ओटिस खुर्चीतून हलला नाही. टकोमाजवळच्या सिअॅटलवर ठिपका संपला. पण ठिपका संपणं म्हणजे चाकं टेकणं की आणखी काही, हे कळायला मार्ग नव्हता. तो बसून राहिला. फोन वाजला.

"उतरले," व्हर्नेल म्हणाली. "जावई घ्यायला आलाय. ओटिस, खरं सांग. मध्येच एकदा विमान जोरात आपटल्यासारखं झालं. शेजारच्या बाईचा सगळा रस माझ्या मांडीवर. तू उठला होतास?"

ओटिसने चार अध्यक्षांबद्दल कधी एक शब्द बाहेर पडू दिला नव्हता.

"कॉफी घ्यायला," तो म्हणाला.



"असू दे. पहिलीच वेळ तुझी," व्हर्नेल म्हणाली. "उद्याच्या विमानाने ये. रेनिटा वाट बघतेय. आता मी आहे खाली."