मायाबाईंचे खिम्याचे गोळे

रायपूरच्या भनपुरी भागातल्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये मायाबाईंनी बावीस वर्षं दोनशे माणसांचा स्वयंपाक केला. त्यामुळे नवरा घरात उपाशी राहतो, हे त्यांना सहनच होईना. रेल्वेतून रिटायर झालेल्या नत्थूजींचे सगळे दात काढले होते. नवी कवळी यायला महिना होता आणि पेज-दलिया खाऊन ते वैतागले होते.

"मले मटण पायजे," ते एका सकाळी म्हणाले. "चावता नाही आलं तर गिळीन."

मुलगी चेतनानं मोबाइल पुढे केला. व्हिडिओत एक परदेशी बाई बीफच्या खिम्यात तांदूळ मळून गोळे वळत होती आणि टोमॅटोच्या रश्यात ठेवून ओव्हनमध्ये भाजत होती. रायपुरात बीफ कुठलं? मायाबाईंनी बकऱ्याचा खिमा आणला. चेतनानं केकसाठी घेतलेला ओव्हन कपाटावरून खाली उतरला.

मायाबाई तांदूळ भिजवायला निघाल्या, तर चेतना म्हणाली, "नहीं आई, इसमें कच्चा ही डालते हैं." पोरीचा हुरूप पाहून त्यांनी तांदूळ कच्चाच खिम्यात मळला.

नत्थूजींनी पहिला घास घेतला आणि हिरडी धरून बसले. "काहून वं, छर्रे भरले काय यात?"

चेतनाचा चेहरा पडला. मायाबाईंना मात्र हसू फुटलं. "त्या बाईचा तांदूळ तिच्यापाशी, पोरी. आपल्या तांदळाचं मले माहीत हाय. उद्या पाह्य तू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तांदूळ तासभर भिजवून अर्धवट शिजवला. खिमा दोनदा बारीक केला, त्यात तो तांदूळ, परतलेला कांदा आणि आलं-लसूण घालून गोळे वळले. पिकलेल्या टोमॅटोच्या रश्यात गुळाचा खडा टाकून भरपूर पाणी ओतलं.

"इतना पानी? सूप बन जाएगा!"

"बनू दे."

गोळे रश्यात ठेवून, ट्रेवर ताटली झाकून त्यांनी ओव्हन लावला आणि निवांत भाजी निवडत बसल्या. तासाभरानं ताटली काढली, तेव्हा रस्सा दाट झाला होता आणि गोळ्यांतून पांढरी शितं फुलून वर आली होती. नत्थूजींनी गोळा जिभेनं टाळूवर दाबला. तो विरघळला. त्यांनी सहा गोळे खाल्ले आणि ताट पुन्हा पुढे सरकवलं.

महिन्यानं कवळी आली आणि नत्थूजी पुन्हा मटणाच्या नळ्या फोडू लागले. पण तोवर शेजारच्या इंदूची बिनदातांची सासू दर रविवारी गोळ्यांची वाट पाहू लागली होती. परवा तिचा निरोप आला, "तिखट कमी पडलं."

मायाबाईंनी मिरचीचा डबा जवळ ओढला.