एक पट्टी खाली

आमच्या ऑर्केस्ट्राच्या मास्तरांचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या कँटीनमध्ये डबा खात होते.

"खरवईला कार्यक्रम मिळालाय," ते म्हणाले. "नवीन सोसायटी आहे, तिचा वर्धापनदिन. येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी, संध्याकाळी पाचला. ओपनमध्ये आहे, खुर्च्या लांब लांब टाकणार. गळा तयार आहे ना?"

"एकदम तयार, मास्तर."

खोटं बोलले मी. लॉकडाऊन लागल्यापासून दोन वर्षांत स्टेजच काय, घरातसुद्धा धड गायले नव्हते. आनंदनगरच्या औषध कंपनीत गोळ्यांची पाकिटं भरायची, मशीनच्या आवाजावर ओरडून बोलायचं आणि घरी येऊन झोपायचं, एवढंच चाललं होतं. मध्ये मलाही ताप येऊन गेला आणि त्यातला खोकला पुढे चार महिने हटला नाही. त्याआधी सोळा वर्षं मी या ऑर्केस्ट्रात गात होते. लग्नाच्या हळदी, जयंतीचे कार्यक्रम, गणपती, सगळीकडे. माझी गाण्याची पट्टी काळी पाच, म्हणजे चांगली उंच, हे आमच्या कॅम्प पाच वस्तीतल्या गल्लीतल्या पोरांनाही माहीत होतं.

त्या संध्याकाळी मी मोबाईलवर तानपुरा लावला आणि स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. मधल्या सुरांपर्यंत सगळं ठीक होतं. वरच्या सा ला गेले आणि आवाज चिरकला. परत गेले, परत तेच. बाहेरून नवरा म्हणाला, "अगं, मास्तरांना सांगून टाक ना. खालच्या पट्टीत गा."

"आणि त्यांनी दुसरी मुलगी बघितली तर?"

कराओकेवर गाणाऱ्या विशीतल्या मुली आता गल्लोगल्ली झाल्या होत्या, हे त्यालाही ठाऊक होतं.

तालमीसाठी आम्हाला कॅम्प पाचमध्येच एका सिंधी शेठच्या कारखान्याचा वरचा माळा मिळाला. चारी बाजूंना जीन्सच्या कापडाचे तागे रचलेले. शेठ स्वतः जिना चढून वर आले आणि म्हणाले, "अरे बजाओ साईं, खुलके बजाओ. दो साल से खाली मशीन सुन रहा हूँ." तबलेवाले, ऑक्टोपॅडवाले, गिटारवाले, सगळे एकमेकांचे खांदे धरून हसत होते. सगळ्यात शेवटी सॅक्सोफोनवाले काका आले. वय अडुसष्ट. अंबरनाथला राहतात. दुसऱ्या लाटेत ते अठरा दिवस ऑक्सिजनवर होते. शर्ट खांद्यावरून घसरत होता, इतके बारीक झाले होते.

"जयभीम, काका."

"जयभीम, पोरी. गळा कसा आहे?"

"मस्त. तुमचं?"

"फर्स्ट क्लास."

उडती गाणी निभावली. मी मध्येच "आवाज राखून ठेवतेय" म्हणत हळू गात होते. काकाही छोटे छोटे तुकडेच वाजवत होते. मग मास्तरांनी ते संथ गाणं काढलं, आमच्या ऑर्केस्ट्राचं हुकमी. सुरुवातीला काकांचा एकट्याचा लांबलचक सूर, आणि तो जिथे संपतो तिथून मी वर उचलायचं.

काकांनी सूर धरला आणि तो अर्ध्यातच तुटला.

"रीड खराब आहे," ते म्हणाले. त्यांनी वाद्याच्या तोंडाशी असलेली रीड बदलली. परत सुरू केलं आणि परत तिथेच तुटलं. काका मान खाली घालून वाद्याचे स्क्रू बघत राहिले. मला ते बघवेना.

"मास्तर, काकांचं राहू द्या," मी म्हणाले. "माझाच सूर खाली गेलाय. काळी पाच जमत नाही. मला काळी चार द्या."

मास्तर कीबोर्डवरून मान वर करून म्हणाले, "मग फोनवर का नाही बोललीस?"

"भीती वाटली."

"कसली भीती? माझा तर पट्टी बदलायचा, ट्रान्सपोजचा, एका बटणाचा खेळ आहे. काकांना मात्र नोटेशन सगळं नवीन लिहावं लागणार."

"लिहितो मी," काका घाईने म्हणाले. "मला चार दिवस द्या."

तालीम संपल्यावर जिन्यात त्यांनी मला थांबवलं. "पोरी, तू मला वाचवलंस, ते मला कळलं. पण सुराचं नाही गं हे. दमच पुरत नाही. बोलू नकोस कोणाला."

मी सुचलं ते बोलून टाकलं. "काका, अर्धा सूर तुम्ही धरा. तुम्ही सोडलात की मी शब्दांशिवाय, नुसत्या 'आ'कारात तोच सूर उचलते. मी लांबवते, तोवर तुम्ही श्वास घ्या."

त्या आठवड्यात तीन दिवस मी शिफ्ट सुटल्यावर थेट त्यांच्या घरी गेले. काकू चहा ठेवून समोर बसायच्या. काकांनी तोंडातून वाद्य काढलं रे काढलं की मी सूर पकडायचा. पहिल्या दिवशी मध्ये खड्डा पडत होता. दुसऱ्या दिवशी माझा आवाज त्यांच्यावर चढत होता. तिसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, "आता कळलं नाही मला, ह्यांनी कुठे सोडलं ते."

काका वाद्य पुसून पेटीत ठेवू लागले. मग म्हणाले, "उद्या मास्तरांना मीच सांगतो."

आणि त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मास्तरांनी ऐकून घेतलं, वही ओढली, जुन्या ओळीवर काट मारली आणि खाली दोघांचे तुकडे लिहून काढले. "आणि काका," ते म्हणाले, "खुर्चीवर बसून वाजवा. उभं राहायची काय जबरदस्ती नाही."

रविवारी खरवईला इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत स्टेज होतं. काही लोक खुर्च्यांवर, काही बाल्कनीत. सगळ्यांच्या तोंडावर मास्क. पहिलं गाणं झालं तरी लोक हसतायत की कंटाळलेत, काही कळेना. मग वरच्या एका बाल्कनीतून कोणीतरी जोरात शिट्टी मारली आणि मागोमाग टाळ्या झाल्या. तिथून पुढे घसा आपोआप मोकळा होत गेला.

संथ गाणं आलं. काकांनी सूर धरला, सोडला, मी उचलला. पण त्यांना दोन श्वास जास्त लागले. मी डोळे त्यांच्यावरच ठेवून सूर ओढत राहिले, तबलेवाल्यांनीही एक आवर्तन जास्त धरलं. मग काका आले, आणि असे आले की माझ्या अंगावर काटा आला. काळी चारमध्ये मी वर गेले. आवाज कुठेही चिरकला नाही. जरा जाड लागला, पण तो मला आवडला.

कार्यक्रम संपल्यावर एक बाई स्टेजजवळ आल्या. ज्यांच्या शेतावर ही सोसायटी उभी राहिली, त्या आगरी घरातल्या. हात धरून म्हणाल्या, "गो बाय, आमचे पोराचे हलदीला तूच ये. आन् त्या बाबांना पन आन." जाताना त्यांनी घरून डबे मागवून आमच्या गाडीत ठेवले.

गाडी अंबरनाथकडे निघाली तसे आम्ही डबे उघडले. तांदळाच्या भाकऱ्या आणि कोलंबीचं सुकं. हॉस्पिटलमधून आल्यापासून काका अर्धी भाकरीही धड खात नव्हते. कार्यक्रमाला सोबत आलेल्या काकू त्यांच्याकडे बघत बसल्या होत्या आणि ते तिसरी भाकरी मोडत मला विचारत होते, "हळदीला उडती गाणी लागतील. तीही काळी चारमध्येच घ्यायची ना?"

"घेऊ की," मी म्हणाले, आणि कोलंबीचा डबा त्यांच्याकडे सरकवला.