फिरकीचा डबा

तुमच्या घरातल्या मांडणीवर असं एखादं भांडं आहे का, जे तुम्ही विकत घेतलेलं नाही, आहेरात आलेलं नाही, आणि तरीही वर्षानुवर्षं तुमचंच म्हणून वापरता? लगेच नाही म्हणू नका. मीही नाहीच म्हणालो असतो.

आमच्या गल्लीत कल्हई करायला येणारे मामू भांडं तयार झालं की उन्हात तिरकं धरायचे. आधी स्वतः आत डोकावायचे आणि मग घरच्या माणसासमोर धरून विचारायचे, "बघा, तोंड दिसतंय का?" दिसतंय म्हटल्याशिवाय भांडं हातात देत नसत. शेजारच्या काकू एकदा चिडून म्हणाल्या, "मामू, मला तोंड बघायची हौस नाही, आमटी करायचीय." मामू म्हणाले, "आमटीला तरी रोज तुमचं तोंड बघावंच लागतं न्हाय का, काकू?" काकू लटक्या रागानं आत गेल्या, पण जाताना भांड्यात बघून गेल्या.

लिंबाखाली खड्डा करून ते भाता बसवत. निखारे फुलले की नवसागराचा पांढरा धूर उठे, आणि गल्लीतल्या सगळ्यांना एकदम खोकला येई. तो खोकला म्हणजे मामू आले.

मी तेव्हा पेटलेला होतो. निजामी राजवटीच्या शेवटच्या दिवसांत माझे वडील, शाळेतले गुरुजी, सदऱ्याच्या आत लपवून पत्रकं वाटत. मी अक्षरं शिकलो ती त्या पत्रकांवर. जुलूम, न्याय, हक्क हे शब्द मला आंबा, फणस यांच्या आधी वाचता आले. मोठा झाल्यावर मी स्वतःच पत्रकं लिहू लागलो. मामू मला बघितलं की भाता थांबवून विचारत, "काय पत्रकवाले, आज कुणाला पाडलं?" मी रागवायचो. ते म्हणायचे, "पाडा, पाडा. फकस्त खाली कुणी झोपलेलं न्हाय ना, तेवढं बघून पाडा."

संस्थान विलीन झालं तेव्हा वडिलांनी पेढे वाटले होते. त्यानंतरच्या काही दिवसांत मामूंच्या मोहल्ल्यात काय झालं, हे गावात प्रत्येकाला ठाऊक होतं. पण कुठल्याच पत्रकात त्याची एक ओळ छापलेली नव्हती. मामू बायको-पोरीला घेऊन गुलबर्ग्याकडं नातेवाइकांत गेले. परत आले तेव्हा घराच्या नुसत्या भिंती होत्या. त्यांनी वर पत्रा टाकला, भाता शिवून घेतला आणि पुन्हा गल्लीत आले. पहिल्या दिवशी कुणी भांडी काढेना. सगळ्यांना कल्हई करून घ्यायची होती, पण समोर जाऊन उभं राहायचं कसं, हे कुणाला कळत नव्हतं. शेवटी माझी आई पहिली बाहेर आली.

आमच्या भांड्यांत एक पितळी डबा होता. त्याचं झाकण फिरकीचं, आट्यांवर घट्ट बसणारं. आई त्यातून तुळजापूरला देवीसाठी पुरणाचा नैवेद्य न्यायची. रस्ता कितीही खडबडीत असला तरी बसमध्ये थेंब सांडत नसे. डब्याच्या तळाला टिंबाटिंबांनी ठोकलेलं एक चित्र होतं. लहानपणी मी ते बोटानं गिरवायचो. दोन उंच खांब आणि खाली आडवी रेघ. मला वाटे, या तुळजापूरच्या दीपमाळा.

मामू तो डबा नेहमी शेवटी घ्यायचे. कल्हई झाली की कापसाच्या बोळ्यानं कितीतरी वेळ आतून पुसत राहायचे. आई पैसे द्यायला आली की म्हणायचे, "ह्यो हिशेबात धरू नका, वैनी." आईला वाटे, जुन्या गिऱ्हाइकाला दिलेली सूट आहे.

मोहल्ल्याच्या तोंडाशी, मामूंच्या पत्र्याच्या सावलीत, दोन म्हातारे रोज बसलेले असत. एकाला सगळे मोठे हाजी म्हणत, दुसऱ्याला धाकटे. तरुणपणी दोघं एकाच बोटीनं हजला गेले होते. त्यांचं ऐकलं तर वाटे, बोटी दोन होत्या आणि समुद्रही दोन. ज्या वर्षी मामूंचा बोटीचा नंबर लागला, त्या वर्षी दोघांना ऊत आला. मी तिथं एक पत्रक द्यायला गेलो आणि ऐकत बसलो.

"येडशीला छोट्या गाडीत बसायचं," मोठे हाजी सांगत होते. "कुर्डूवाडीला उतरायचं. तिथं मोठ्या गाडीची वाट बघायची. झोपायचं न्हाय."

"का न्हाय? मी झोपलो होतो," धाकटे म्हणाले.

"म्हणून तुमची वळकटी गेली."

"वळकटी मुंबईत गेली. कुर्डूवाडीला बदनाम करू नका."

मामू भात्याजवळ उकिडवे बसून शाळेतल्या मुलासारखे ऐकत होते. "आन् बोट कशी ओळखायची?"

"ओळखूच येत न्हाय!" मोठे हाजी मांडी ठोकून म्हणाले. "आपण म्हणतो पाणी दिसंल, पाण्यावर बोट दिसंल. काय बी दिसत न्हाय. नुसती भिंत. म्या शिपायाला इचारलं, बाबा, बोट कुठाय? तो म्हणला, तुमच्या म्होरं. म्या म्हणलं, ही तर कचेरी हाय!"

"लस टोचल्याचा कागद वरच्या खिशात ठेवायचा," धाकटे म्हणाले. "आन् शिडी चढली की पळायचं. इंजनापासून लांब, मोरीपासून लांब, वाऱ्याच्या अंगाला पथारी टाकायची."

"समदेच पळत असतील, मग मोरीपाशी कोण झोपतं?" मामूंनी विचारलं.

"हे झोपले होते," धाकट्यांनी मोठ्यांकडं बोट दाखवलं.

मग उलटी होऊ नये म्हणून लिंबू चोखायचं की फुटाणे खायचे, यावर वाद झाला. तो मिटायच्या आत बोटीला धुराडं एक होतं की दोन, यावर पेटला. मोठे म्हणत एक, धाकटे म्हणत दोन. शेवटी धाकटे मामूंकडं वळले. "तुझ्या अब्बाचा फिरकीचा डबा असता तर आत्ता निकाल लागला असता. मुंबईत उतरल्यावर त्यांनी तळाला बोट ठोकून घेतली होती." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "काय डबा होता, पत्रकवाले! वादळात समद्यांचं कालवण सांडलं, ह्याच्या अब्बाच्या डब्यातलं जागचं हाललं न्हाय. गडबडीत गेला."

"गेला," मामू म्हणाले आणि भाता ओढू लागले.

"आता बोटीवर न्यायला तसा डबा बघ कुठं मिळतो का."

"बघू," मामू म्हणाले. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही.

घरी येऊन मी डबा पालथा केला. त्या दीपमाळा नव्हत्या. ती दोन धुराडी होती. धाकटे हाजी बरोबर होते, आणि मला वादाचा निकाल माहीत असून सांगता येत नव्हता.

वडील झोपाळ्यावर वाचत होते. मी डबा समोर धरून विचारलं, "हा कुणाचा?"

त्यांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला. "रस्त्यात पडला होता. लोक पायानं तुडवत होते. सांभाळायला म्हणून उचलून आणला."

"मग ते परत आल्यावर दिला का नाही?"

"रोज देणार होतो," ते म्हणाले. "मग एकदा तुझ्या आईनं त्यात नैवेद्य नेला. त्यानंतर कसं द्यायचं, ते सुचेना. तो मागेल तेव्हा देईन."

मी ओरडायला हवं होतं. माझ्याजवळ शब्दांची कमी नव्हती. मी डबा मांडणीवर होता तिथं ठेवला आणि दुसऱ्यांच्या अन्यायाविषयी लिहायला बसलो.

जाण्याआधी मामू दारोदार फिरत होते. हजला निघणाऱ्यानं सगळ्यांची माफी मागूनच बोटीत पाय ठेवायचा, असा त्यांच्यात रिवाज आहे. ज्या दारांनी त्यांचं घर जळताना आतून कड्या लावल्या होत्या, त्या दारांतही ते गेले. आमच्या ओट्यावर ते उभे राहिले, हात जोडून.

"गुरुजी, बोलण्यात-चालण्यात काय कमीजास्त झालं असंल तर माफ करा."

वडील उठून उभे राहिले. "अहो मियाँ, तुमचं काय चुकलंय..." एवढं बोलले आणि थांबले. पुढचं वाक्य तिघांनाही माहीत होतं. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. वडील बोलतील म्हणून मी थांबलो. मी बोलेन म्हणून वडील थांबले असतील.

तेवढ्यात आई आतून आली. तिच्या हातात तो डबा होता; वडिलांचं आणि माझं त्या दिवशीचं बोलणं तिनं आतून ऐकलं असावं. आत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. "वाटेत खा," ती म्हणाली. "बोटीत सांडायचं नाही."

मामूंनी तो दोन्ही हातांनी घेतला. अंगठा तळाकडं गेला, त्या टिंबांवरून फिरला. "डबा?" त्यांनी विचारलं.

"असू दे. घेऊन जा," आई म्हणाली.

मला हायसं वाटलं. वाटलं, झालं. न्याय झाला आणि कुणाला तोंड उघडावंही लागलं नाही. त्यांना पोचवायला आम्ही येडशीपर्यंत गेलो. सोबतीला धाकटे हाजी पुन्हा निघाले होते, वळकटी पोटाशी धरून. गळ्यात हार घालून मामू छोट्या गाडीच्या खिडकीत बसले होते आणि डबा मांडीवर होता. मोठे हाजी फलाटावरून ओरडत होते, "भिंत दिसली की तीच बोट!"

मामू परत आले ते काही महिन्यांनी. दाढीला मेंदी, डोक्याला पांढरी टोपी. गावानं त्यांना हाजी म्हणायला सुरुवात केली, पण आम्ही मामूच म्हणत राहिलो. दुसऱ्याच दिवशी ते आमच्या ओट्यावर आले आणि डबा वडिलांपुढं ठेवला. घासून लख्ख केलेला, नवी कल्हई केलेला. आत खजूर.

"शेजाऱ्याचं भांडं रिकामं देऊ न्हाय, म्हणून थोडा खजूर घातलाय," ते म्हणाले.

वडील डब्याकडं बघत राहिले. "राहू द्या तुमच्याकडंच."

"का, गुरुजी?"

वाचकहो, हा प्रश्न त्यांनी किती हळू विचारला, ते मला लिहून दाखवता येत नाही. त्यात राग नव्हता. त्यांनी आम्हाला दार उघडून दिलं होतं आणि ते बाजूला उभे होते. एक वाक्य बोलायचं होतं.

"असाच," वडील म्हणाले. "राहू द्या."

मामूंनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. माझ्या खिशात त्या दिवशी एक पत्रक होतं, त्याची सुरुवातच 'सत्य बोलायला भिऊ नका' अशी होती. मी जमिनीकडं बघितलं.

"असाच कसा ठेवू?" मामू म्हणाले. "दुसऱ्याचं भांडं घरात ठेवलं तर हज फळत न्हाय, गुरुजी."

ते उठले. जाता जाता त्यांनी सवयीनं डबा उचलला, खजूर एका बाजूला सारला, उन्हात तिरका धरून वडिलांसमोर केला. त्या दिवशी मात्र त्यांनी काही विचारलं नाही. डबा खाली ठेवला आणि गेले.

त्या डब्यातून पुन्हा नैवेद्य गेला नाही. खजूर आईनं गल्लीत वाटला. वडिलांनी घेतला नाही.

पुढं धुरानं मामूंचे डोळे गेले. मुलगी भूमला दिलेली होती, ती येऊन घेऊन गेली. जायच्या दिवशी ते आमच्या घरावरून गेले, काठी टेकत. दारापाशी थांबले असं काकू सांगतात. मी घरात होतो. ते तिकडंच वारले, हे धाकट्या हाजींनी सांगितलं. लिंबाखालचा खड्डा पावसानं बुजला. घरोघर स्टीलची भांडी आली. त्यांना कल्हई लागत नाही.

वडील गेल्यावर मी डबा पिशवीत घातला आणि बाजाराच्या दिवशी एस.टी.नं भूमला गेलो. वाटभर एकच वाक्य मनात घोकत होतो, तरी दारात उभं राहिल्यावर ते दोनदा अडखळलं. "हा तुमच्या आजोबांचा डबा आहे. आमच्याकडं होता. आमचा नव्हता."

मामूंच्या मुलीनं तो घेतला. आधी पालथा केला आणि बोटीवरून बोट फिरवलं, बापासारखंच. मग झाकण फिरवून आत बघितलं. इतकी वर्षं नुसता ठेवून तो आतून काळा पडला होता.

"कल्हई करावी लागंल," ती म्हणाली. मग माझ्याकडं बघून, "आता कल्हईवाला कुठं मिळतो, भाऊ?"



म्हणून तुम्हाला सांगतो. हे वाचून झालं की उठा. मांडणीवरची भांडी एकेक करून खाली घ्या, पालथी करून तळ बघा. एखाद्यावर आपलं नाव नसेल, तर ज्याचं आहे तो जिवंत असेपर्यंत त्याच्या दारात जा. त्यानं मागायची वाट बघू नका. आणि देताना 'असू दे', 'राहू द्या' असं काही पुटपुटू नका. त्याच्या तोंडाकडं बघून, नीट ऐकू जाईल असं म्हणा, हे तुमचं आहे.