सीटवरचं प्लास्टिक

नवी वस्तू घरात आली की दौलतरावांना आनंद व्हायचा, आणि ती कुणी वापरायला घेतली की ते त्याच्या मागे मागे फिरायचे. आनंदनगरच्या एमआयडीसीत, रसायनांच्या एका कारखान्यात ते निवृत्त होईपर्यंत स्टोअरकीपर होते. तिथे माल पॅकबंद यायचा, पॅकबंद राहायचा आणि पॅकबंदच दुसऱ्याच्या ताब्यात जायचा. संसारही असाच करायचा असतो अशी त्यांची समजूत होती. त्यांची बायको वृंदा हिची समजूत वेगळी होती, पण ती त्यांनी कधी विचारली नव्हती.

लग्नात आलेल्या गादीवरचं प्लास्टिक त्यांनी काढू दिलं नव्हतं. कूस बदलली की चरचर आवाज व्हायचा आणि पलीकडच्या खोलीतून सासूबाई खोकायच्या. नव्या नवरीने काय करावं? वृंदा एका कुशीवर लाकडासारखी पडून राहायची. पुढे रिमोटला पिशवी आणि पिशवीला रबर आलं. फ्रिज किती लिटरचा आहे हे सांगणारा कागद दारावर तसाच राहिला. मुलीला, तेजलला, मामाने बाहुली आणली तर तीही खोक्यासकट शोकेसमध्ये गेली. पोर काचेला नाक लावून तिच्याशी बोलत बसायची.

"खेळली की मळेल," दौलतराव म्हणायचे. जणू मळणं हा काही रोग आहे.

आणि मग गाडी. बदलापूरला कात्रपच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांत आधी गाडी घेतली ती दौलतरावांनी, याचा त्यांना कोण अभिमान. शोरूममधून आली तेव्हा सीटवर प्लास्टिक होतं. ते पंधरा वर्षं निघालं नाही. फाटलं तिथे खोक्याला लावायची चिकटपट्टी लागली, पट्टी सुटली तिथे दुसरी लागली. उन्हाळ्यात त्यावर बसलं की साडी पाठीला चिकटायची आणि उतरताना सोलून निघाल्यासारखं वाटायचं. गाडीत खायचं नाही, प्यायचं नाही, चपला पिशवीत घालून मांडीवर धरायच्या. एकदा तेजलने लपवून बोरं खाल्ली होती. एक बी सापडली तर दौलतराव अख्खा रविवार बोलले नव्हते. वृंदाला तो रविवार फार बरा गेला होता.

त्यात एका पावसाळ्यात ते मांजर्लीला मित्राकडे गाडी घेऊन गेले आणि नदीचं पाणी रस्त्यावर आलं. गाडीत घोट्याएवढं पाणी शिरलं. दुसऱ्या कुणी गालिचा बाहेर काढून वाळवला असता. दौलतरावांनी त्यावर वर्तमानपत्रं अंथरली आणि वर नवी मॅट टाकली. झाकलं की त्यांच्या दृष्टीने काम संपलं. तेव्हापासून गाडीचं दार उघडलं की आत कुणीतरी ओला कुत्रा विसरून गेल्यासारखा वास यायचा. दौलतरावांना तो येत नसे. वृंदाच्या मते त्यांना स्वतःच्या कुठल्याच गोष्टीचा वास येत नसे.

हे सगळं चाललं होतं तसंच चाललं असतं. पण तेजलला सातवा लागला.

तेजल उल्हासनगरला दिलेली. सासरी तयार कपड्यांचं दुकान आणि दुकानामागे शिलाईच्या मशीन. पहिलं बाळंतपण माहेरी, ओटी भरून मुलीला घेऊन यायचं, हे ठरलेलंच होतं. पण विहीणबाई रखमाबाईंनी फोनवर सरळ सांगितलं.

"राग नका मानू वृंदाताई, पण तुमच्या त्या गाडीत मी पोरीला पाठवायची नाही. तिसऱ्या महिन्यात नेलीत तर अंबरनाथ यायच्या आत दोनदा ओकली. इथंच होऊ द्या सगळं. आम्ही काय तिला उपाशी मारतो?"

उपाशी मारत नव्हत्या हे खरं. पण त्या घरात विश्रांती म्हणजे मशीनवरून उठून काजं-बटणं करायला बसणं, हे वृंदा डोळ्यांनी बघून आली होती. पोरीचे पाय सुजून उशीसारखे झाले होते. ती इथे आली नाही तर कळा येईपर्यंत पायाखालचं पायडल सुटणार नव्हतं.

"आपण टॅक्सी करू या," वृंदा म्हणाली.

दौलतरावांनी चहाचा कप खाली ठेवला. "घरात गाडी असताना भाड्याची? खालचे लोक काय म्हणतील?"

"खालच्या लोकांचा सातवा चाललेला नाही."

"अगं, गाडीला काय झालंय? इंजिन बघ, फर्स्टक्लास. आतून जरा जुनी दिसते एवढंच. थोडक्यात नवी करून आणतो. विहीणबाई बघतच राहतील."

थोडक्यात नवी करायला ते दोन दिवस उल्हासनगरच्या बाजारात फिरले. वृंदाला सोबत नेलं, कारण पिशव्या धरायला कुणीतरी हवं. सेलमध्ये लावलेली मरून रंगाची नकली चामड्याची सीटकव्हरं त्यांनी पसंत केली. दुसऱ्याच कुठल्या तरी मोठ्या गाडीची होती ती. दुकानदाराने कव्हर चढवायला दार उघडलं आणि आतलं प्लास्टिक बघून तो क्षणभर थांबला.

"अंकल, पन्नी निकाल दूँ?"

"नको! उपर से लगाओ."

"पन्नी के उपर?"

"ओरिजिनल है वो," दौलतराव म्हणाले.

दुकानदाराने वृंदाकडे बघितलं. वृंदाने रस्त्यापलीकडच्या पाणीपुरीवाल्याकडे बघितलं. असे प्रसंग निभावून न्यायची तिला सवय होती.

मग जुन्या मॅटवर नवी मॅट आली, स्टेअरिंगला वेणीसारखं गुंडाळायचं कव्हर आलं, डॅशबोर्डवर तेलकट पॉलिश चोपडलं गेलं आणि मोगऱ्याच्या वासाची डबी चिकटवली गेली. आता गाडीत ओला कुत्रा मोगरा माळून बसल्यासारखं वाटत होतं.

"बघ," दौलतराव दार उघडून म्हणाले. "ओळखू येते का?"

"नाही ना. तीच तर भीती."

येताना अंबरनाथला एक रिक्षा आडवी आली आणि दौलतरावांनी ब्रेक दाबला. मरून कव्हर प्लास्टिकवरून सुळकन सरकलं, आणि त्यावर बसलेली वृंदा कव्हरासकट पुढे जाऊन गुडघ्यांवर आपटली. मागच्या सीटवर बसायचा तिचा हट्ट मुद्दाम होता. तेजलही मागेच बसणार होती.

"नीट धरून बसावं माणसाने," दौलतराव आरशात बघून म्हणाले.

वृंदाने सरकलेलं कव्हर परत मागे ओढलं. घरी येऊन तिने गुडघ्याला हळद लावली. दुसऱ्या दिवशी दौलतराव पेन्शनीतल्या मित्रांकडे गप्पा मारायला गेल्यावर ती गाडीची किल्ली, शिवणाची मोठी कात्री आणि एक बादली घेऊन खाली उतरली.

कव्हर निघायला वेळ लागला नाही, मापाचं होतंच कुठे? प्लास्टिक मात्र चिवट होतं. कात्री घातली तेव्हा आतून असा वास आला की तिने पदर नाकाला लावला. सीटभर काळ्या बुरशीची वर्तुळं होती. पंधरा वर्षं जपलेला माल. ज्यावर कुणी बसलं नाही, खाल्लं नाही, झोपलं नाही, तो आपला आपणच कुजला होता. मॅटखाली मॅट, त्याखाली वर्तमानपत्रांचा लगदा आणि त्याखाली गालिचा, अजून ओलसर.

गॅलरीतून तळमजल्याची राजसी ओरडली, "काकू, गाडी भंगारात देताय का?"

"नाही गं. उघडी करतेय."

पांढरा व्हिनेगर, खायचा सोडा, धुण्याची पावडर आणि मोरीचा जुना ब्रश, एवढ्यावर वृंदाने सीट घासायला घेतल्या. आधी काळं पाणी निघालं, मग करडं, मग साधं मळकट. गालिचा तिने आणि राजसीने धरून गच्चीच्या कठड्यावर टाकला. सीट थोड्या वाळल्या तेव्हा त्यांच्या कापडावर बारीक निळे ठिपके दिसायला लागले. आपल्या गाडीच्या सीट ठिपक्यांच्या आहेत, हे वृंदाला पहिल्यांदा कळलं.

दौलतराव आले. चारही दारं उघडी टाकलेली गाडी आणि बाजूला प्लास्टिकचा ढीग बघून ते जागच्या जागी उभे राहिले. मग आत वाकून त्यांनी एका सीटवर तळहात ठेवला.

"नवी होती गं," ते म्हणाले.

त्यांचा आवाज इतका बारीक आला की वृंदाला दया येईल की काय असं वाटलं. तिने थोडा वेळ वाट पाहिली. आली नाही.

"शोरूमची गाडी नागडी केलीस," ते पुढे म्हणाले, आणि मग तर प्रश्नच मिटला.

चार-पाच कडक उन्हं खाऊन गाडी कोरडी झाली. मोगऱ्याची डबी वृंदाने आधीच कचऱ्यात टाकली होती. दार उघडलं की आता साबणाचा नि उन्हाचा वास यायचा. ओटीचं सामान घेऊन दोघं उल्हासनगरला गेले. ओटी भरून झाली, जेवणं झाली. रखमाबाई मुद्दाम खाली उतरल्या, गाडीत डोकं घालून त्यांनी दोन दीर्घ श्वास घेतले आणि काहीच सापडलं नाही म्हणून नाराज झाल्या.

"बरी केलीत हो," त्या म्हणाल्या.

तेजलने पाय उचलून गाडीत ठेवायला घेतला, इतक्यात दौलतराव म्हणाले, "थांब, थांब."

त्यांनी डिकी उघडली आणि आतून टेबलावर अंथरतात तसल्या जाड प्लास्टिकची नवी कोरी गुंडाळी काढली. मागच्या सीटवर ती पसरून त्यांनी कडा नीट खोचल्या.

"आता बस. सीट उघड्या आहेत ना. तुझे दिवस असे, वाटेत काही झालं, पाणीबिणी गेलं, तर डाग जात नाहीत."

दुकानाच्या पायरीवर जावई संतोष होता, मशीनवरच्या दोन बायका होत्या, समोरचा चहावाला होता. सगळे त्या प्लास्टिककडे बघत राहिले. तेजलने पाय खाली घेतला. तिचा चेहरा लाल झाला होता.

"आई, मी राहते इथेच," ती म्हणाली.

"तेच म्हणते मी," रखमाबाई लगेच म्हणाल्या. "चल बाई वर."

वृंदाने तेजलच्या हातातली पिशवी घेतली आणि दुसऱ्या हाताने तिचं मनगट धरलं. "संतोषराव, मोबाइलवरून टॅक्सी बोलवता येते ना? बोलवा. बदलापूर, कात्रप."

"अगं, गाडी असताना..." दौलतराव म्हणाले.

"ती तुम्ही न्या. जपून न्या."

"लोक काय म्हणतील?"

"त्यांना काय म्हणायचं ते त्यांनी आत्ताच म्हणून टाकलंय. बघा त्यांच्या तोंडाकडे."

चहावाल्याने तोंड फिरवलं. रखमाबाईंना बोलायचं खूप होतं, पण कुठल्या बाजूने बोलावं ते त्यांना सुचेना, आणि सुचेपर्यंत टॅक्सी आली. वृंदाने मुलीला आत बसवलं, स्वतः शेजारी बसली आणि दार ओढून घेतलं.

टॅक्सीच्या सीट कळकट होत्या. कुणीतरी कडेला शेंगदाण्याची टरफलं टाकलेली होती. तेजलने सँडल काढल्या आणि सुजलेले पाय सरळ आईच्या मांडीवर ठेवले. वृंदा ते चेपत राहिली.

अंबरनाथ मागे पडल्यावर तेजल म्हणाली, "बाबा येतायत ना मागे?"

वृंदाने वळून बघितलं. "येतायत."

"एकटेच?"

"एकटे कसे? सीट आहेत की सोबत."

तेजलनेही वळून बघितलं. मग तिला हसू फुटलं ते थांबेना. पोट धरून ती हसायला लागली तेव्हा टॅक्सीवाल्याने घाबरून वेग कमी केला.

"चलो भैया, चलो," वृंदा म्हणाली. "कुछ नहीं हुआ. घर जा रही है."