ड्रॅगन की जहाज

आमच्या हर्षितला एखादी गोष्ट आवडली की तो आधी घाबरतो आणि मग तिच्यात काय खोट आहे ते शोधायला बसतो. नोकरीही त्याला तशीच मिळाली आहे. एका विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग तो घरून करतो. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका, त्याच्या भाषेत बग, काढायच्या आणि त्याबद्दल पगार घ्यायचा. वय अठ्ठावीस. डोंबिवली पूर्वेच्या आमच्या घरातली आतली खोली त्याची. तिथे एक खुर्ची आहे, एक कॉम्प्युटर आहे, आणि खुर्चीत बसून बसून वाकत चाललेली त्याची पाठ आहे. त्या पाठीची काळजी मी करते, तो करत नाही.

हा गुण बापाकडून आला. हे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं तेव्हा हर्षित सातवीत होता. बिल्डर अजून ठरायचा आहे. आलेल्या प्रत्येक बिल्डरमध्ये यांना काहीतरी सापडतं, आणि मधल्या काळात आम्हाला जिन्यात प्लास्टरचे तुकडे सापडतात.

हर्षित शनिवारी दुपारी मित्रांबरोबर कॉम्प्युटरवर खेळतो. गोळ्या झाडायचा खेळ नाही, तो कमी प्रतीचा, असं मला सांगण्यात आलं आहे. हा भूमिका घेऊन खेळायचा खेळ. आपण एक माणूस तयार करायचा, त्याला नाव द्यायचं, तलवार द्यायची आणि महिनोन् महिने त्याचा संसार चालवायचा. माझ्या मनात यायचं, एवढा संसार चालवतोस तर खराच थाट ना. पण ते मी बोलत नसे, कारण त्या खोलीतून हसण्याचा आवाज येई आणि तो आठवड्यातून तेवढाच एकदा येई.

खेळणारे सगळे त्याच्या शाळेतले. दिशा आता माजिवड्याला राहते आणि ठाण्यातच एका ऑफिसात हिशेब तपासते. तानाजी दिव्याला राहतो, गोदामात सुपरवायझर आहे. दिव्यात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही. ऐन लढाईत तानाजी "पाणी आलं" एवढंच म्हणून उठून जायचा, आणि हे दोघं त्याच्या निश्चल उभ्या असलेल्या योद्ध्याभोवती पहारा देत राक्षस परतवत राहायचे. पिंपं भरली की तानाजी परत यायचा. कोणी त्याला कधी बोललं नाही. मला वाटतं, सख्खे भाऊ इतकं करत नाहीत.

चौथा रघु होता. जवळच्या गावातला, जमिनी विकून बंगला झालेल्या घरचा, सगळ्यांत भारी कॉम्प्युटर त्याचा. दोन वर्षांपूर्वी हर्षितने निवडलेला एक खेळ सुरू असताना रघु यायचा बंद झाला. हर्षितच्या मते खेळ चुकला म्हणून रघु गेला. माझ्या मते रघुचं लग्न झालं. पण हर्षितला कोण समजावणार? तेव्हापासून त्याने एक धसका घेतला: खेळ चुकला की माणसं जातात.

दिवाळीत जुना खेळ संपला आणि पुढचा कुठला घ्यायचा हा प्रश्न उभा राहिला. तानाजीला ड्रॅगनवाला हवा होता. दिशाला अवकाशात फिरणाऱ्या जहाजावरचा. दोघांनी ठरवलं की हर्षित म्हणेल तो. झालं. बापाचं रक्त उसळून आलं. त्याने दोन्ही खेळांचा तुलनात्मक तक्ता केला. कोणता किती तासांचा, कोणात बोलणं जास्त, कोणात मारामारी जास्त, कोणाचा शेवट लोकांना आवडला नाही. ड्रॅगनवाल्याबद्दल लोक म्हणत होते की गोष्ट सुरेख आहे पण सुरुवात रेंगाळते. जहाजवाल्याबद्दल म्हणत होते की सुरुवात झकास आहे पण पुढे गोष्टच नाही. जेवताना तो हे मला सांगायचा. मी म्हटलं, स्थळांचंही असंच असतं. त्याने ताट उचललं.

डिसेंबर गेला, संक्रांत गेली. तोवर दोन्ही खेळांच्या सुधारून काढलेल्या आवृत्त्या आल्या आणि तक्ता नव्याने करावा लागला. शनिवारी दुपारी हर्षित आमच्यात येऊन बसायला लागला. एरवी मी नवस बोलले असते की पोरगं घडीभर बाहेर येऊन बसू दे. तो बसला आणि आमच्या मालिकेतल्या चुका दाखवायला लागला. सुनेच्या हातातला कप मघाशी निळा होता, म्हणे. तिसऱ्या शनिवारी यांनी टीव्ही बंद केला. आतल्या खोलीचं दार उघडं आणि आत काहीच आवाज नाही, हे मला फार लागलं. फोन करून नुसत्या गप्पा माराव्यात तर तशी या मुलांना सवय नाही. तानाजी पाण्याचं सांगायचा, दिशा साहेबाला शिव्या घालायची, पण सगळं राक्षस मारता मारता. राक्षसच नाहीत तर बोलणार कशावर?

मग दिशाने निर्वाणीचं सांगितलं. तिच्या ऑफिसातल्या लोकांचा एक गट खेळतो, त्यात एक जागा आहे. या शनिवारपर्यंत ठरलं नाही तर ती तिकडे जाईल. तानाजी म्हणाला, दोघांत मजा नाही, मी शनिवारचा ओव्हरटाइम घेईन. हर्षित तक्त्यासमोर बसून राहिला. रात्री जेवला नाही.

तेव्हा मी देवाचं नाव काढलं. आमचं मूळ गाव कणकवलीकडे. आमच्या तावड्यांच्या घरात अडलेली कामं ग्रामदेवतेला कौल लावून सुटतात. गुरव देवाच्या अंगावर उजवी-डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, म्हणजे आपली अडचण देवाला मोठ्याने सांगतो. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. हा फ्लॅट असाच घेतला. बिल्डरचंही विचारू या असं मी कितीदा म्हटलं, पण यांचं म्हणणं, देवाला सहकार कायदा माहीत नाही.

मला वाटलं होतं हर्षित हसेल. तो विचारात पडला. देव गटाबाहेरचा, कोणाच्या बाजूचा नाही, आणि खेळ कंटाळवाणा निघाला तर बोल देवाला लागेल, आपल्याला नाही. विज्ञानाचा पदवीधर, पण पटलं.

हल्ली गुरवकी सर्वेशकडे आहे. म्हातारा गुरव थकला म्हणून हा त्याचा मुलगा रत्नागिरीची नोकरी सोडून आला. मुंबईकरांसाठी तो व्हिडिओ कॉलवर कौल लावतो. गुरुवारी सकाळी मी फोन लावला. दिशा आणि तानाजीही आपापल्या फोनवरून जोडले गेले होते; दिशा ऑफिसच्या जिन्यात, तानाजी खोक्यांच्या ढिगाआड.

सर्वेशने विचारलं, "काकी, देवाक काय सांगाचा?"

मी सांगितलं. मला वाटलं, झालं, आता हा गावभर करणार. पण त्याने पाकळ्या लावल्या, फोन खांबाला टेकवला आणि हात जोडून खणखणीत आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं. बा देवा म्हाराजा, तुझा लेकरू डोंबिवलेक ऱ्हवता, तेका तीन महिने इचार पडलो हा, ड्रॅगनाचो खेळ घेवचो असात तर उजवी दी म्हाराजा. आम्ही सगळ्यांनी "होय म्हाराजा" म्हटलं. ऑफिसच्या जिन्यातून आणि गोदामातूनही "होय म्हाराजा" आलं. स्वयंपाकघरातून यांचंही आलं, हळू.

आम्ही वाट बघत राहिलो. मग एक पाकळी सुटली आणि खाली आली.

"उजवी," सर्वेश म्हणाला.

तानाजीने आरोळी ठोकली. दिशा म्हणाली, ठीक आहे, ड्रॅगन तर ड्रॅगन, मला काय, एकदाचं सुटलं. हर्षितचं तोंड मात्र मला ओळखीचं वाटलं. सोसायटीच्या सभेत हे असेच दिसतात.

त्याने सर्वेशला विचारलं की कॅमेरा पुढचा होता की मागचा. पुढच्या कॅमेऱ्यात कधी कधी उजव्याचं डावं दिसतं. शिवाय उजवी म्हणजे बघणाऱ्याची की देवाची, हेही आधी ठरलं नव्हतं. तेव्हा नियम लिहून घेऊन पुन्हा एकदा लावावा.

मी मनात म्हटलं, आता दिशा फोन ठेवणार आणि पुन्हा कधी करणार नाही.

"देव मोबाईलात बगणा नाय, दादा," सर्वेश म्हणाला. "तेची उजवी ती तेची उजवी. आनी एकदा दिलेलो कौल परत इचारूक गावना नाय."

दिशा म्हणाली, "हर्षित, तू देवाचा पण बग काढलास?"

आणि ती हसायला लागली. तानाजी हसला. सर्वेशने देवाकडे पाठ केली आणि त्याचेही खांदे हलायला लागले. शेवटी हर्षितही हसला, कान लाल होईपर्यंत.

फोन ठेवायच्या आधी सर्वेश जरा चाचरला. तो खेळ त्याने रत्नागिरीहून आणलेल्या आपल्या कॉम्प्युटरवर पुरता बघून ठेवला होता. त्यात चौघं चालतात का, एवढंच त्याला हवं होतं, कारण गावात संध्याकाळच्या आरतीपर्यंत बोलायला माणूस नसतो. चौघं चालत होते. रघुची जागा होती.

शनिवारी दुपारी आतल्या खोलीचं दार लागलं. हेडफोनने कान दुखतात म्हणून हर्षितने आवाज स्पीकरवर ठेवला होता, त्यामुळे मला बाहेर भाजी निवडताना ऐकू येत होतं. आधी प्रत्येकाने आपला योद्धा तयार करायचा होता. सर्वेशचा लगेच झाला. दिशाने गदा घेतलेली एक बाई केली आणि तिला आपल्या साहेबाचं नाव दिलं. तानाजीचा अर्धा झाला आणि पाणी आलं.

हर्षित नाकावर अडला होता. या खेळात नाकं अनेक तऱ्हेची मिळतात, आणि एकदा खेळ सुरू झाला की नाक बदलता येत नाही. सरळ नाकाने चेहरा करडा दिसत होता, बाकदार नाकाने टोपीखाली सावली पडत होती. दिशाने त्याला त्याच्या स्वतःच्या नाकावरून काय काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. सर्वेश म्हणाला, पायजे तर नाकाचो कौल लावतंय. तानाजी पिंपं भरून परत आला आणि त्याने नाक झालं का विचारलं. झालं नव्हतं. चौघं हसत होते. ड्रॅगन अजून कोणी पाहिला नव्हता.

मी चहा घेऊन गेले तेव्हा हे माझ्या मागोमाग आले, चष्मा लावून पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मघाचं बरं होतं."

"कुठलं मघाचं?" हर्षितने विचारलं, आणि त्यांना बसायला खुर्ची ओढली.

स्पीकरमधून तिघांनी एकदम कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. खेळ सोडून मात्र कोणी गेलं नाही.