सासऱ्यांचा कोल्हा

माझ्या सासऱ्यांना गावात देवमाणूस म्हणत. म्हणणाऱ्यांचं काय जात होतं? पहाटे दुधात कुस्करलेल्या भाकरीचं मातीचं परळ घेऊन कोल्ह्याच्या बिळापाशी त्यांना कोणी पाठवत नव्हतं. मला पाठवत होते.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट. लग्न होऊन मी कोरीटला आले, त्याला वर्षही झालं नव्हतं. सासऱ्यांचा त्यांच्या चुलतभावाशी नाल्याकाठच्या बांधावरून दावा चालला होता. एका तारखेला ते नंदुरबारला निघाले तेव्हा नाल्यात गाडीपुढे कोल्हा आला, थांबला, त्यांच्याकडे बघून झुडपात गेला. त्याच दिवशी निकाल त्यांच्या बाजूने लागला. सकाळी कोल्ह्याचं तोंड दिसलं की काम फत्ते होतं, ही समजूत आमच्याकडे सगळ्यांचीच. पण लोक कोल्हा दिसला तर खूश होतात आणि आपल्या कामाला लागतात. सासऱ्यांनी तो कोल्हाच पाळायला घेतला.

चुलतभावाने वर प्रांतसाहेबांकडे अपील केलं होतं. पुढची तारीख लागेपर्यंत कोल्हा नाल्यातून हलता कामा नये म्हणून सासूबाई रोज परळ भरत आणि मी पहाटे ते नेऊन बिळाच्या तोंडाशी ठेवत असे. घरातल्या म्हशीचं दूध. आम्ही सुना पाणी घातलेलं ताक पीत होतो. तो कोल्हा परळ चाटून साफ करायचा आणि मी थोडी लांब गेले की माझ्याकडे बघत उभा राहायचा. त्याच्या अंगाला सडक्या मांसाचा वास यायचा. परळ घासताना तोच वास माझ्या हाताला लागायचा, आणि त्याच हाताने पुढे मला भाकरी थापाव्या लागत.

त्या वर्षी दादर ज्वारी निघाली, वावरं मोकळी झाली आणि ठेलारी आले. मेंढ्या राखणारे हे लोक दरसाल आमच्याकडे येत. खतासाठी वावरात रात्रीच्या मेंढ्या बसवायच्या आणि बदल्यात त्यांना दादर द्यायची, असा जुना व्यवहार होता. आमच्या वावरात उतरला तो एक ठेलारी, त्याची बायको आणि शेसव्वाशे मेंढ्या. बऱ्याच मेंढ्या गाभण होत्या. त्याने पहिल्याच दिवशी सासऱ्यांना साफ सांगितलं की मागच्या गावात कोल्ह्यांनी त्याची सात कोकरं नेली, आणखी गेली तर वर्ष वाया जाईल. वावरात कोल्हे असतील तर आपण पुढच्या गावाला जातो, असं तो म्हणाला. सासऱ्यांना खत हवं होतं. त्यांनी चार दिवस मागितले.

त्या चार दिवसांत झालं ते असं. आमच्या सालदाराने, म्हणजे सालाने ठेवलेल्या गड्याने, डोंगराकडची चार माणसं आणली. बिळांपुढे गोवऱ्या आणि मिरच्यांचा धूर करायचा, आणि कोल्हा खोकत बाहेर आला की काठ्यांनी ठेचायचा. कोल्हे मारल्याचं मला वाईट वाटलं असं नाही. मेंढ्या राखायच्या तर ते करावंच लागतं. पण मेलेले सहा कोल्हे सासऱ्यांनी पुरू दिले नाहीत. मागच्या पायांना दोरी बांधून सहाही कोल्हे बांधावरच्या बाभळीला टांगायला लावले, ठेलाऱ्याला दिसावेत म्हणून. तिसऱ्या दिवशी त्यांची पोटं फुगली, चौथ्या दिवशी माश्यांनी तोंडं दिसेनात. सासरे तिथेच खाली बसून दात कोरत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कोल्हे मोजून दाखवत.

नाल्यातल्या त्या एका बिळापाशी मात्र कोणाला जाऊ दिलं नाही. तिथे नाग आहे असं सालदाराने सगळ्यांना सांगितलं. सासऱ्यांनी ठेलाऱ्यापुढे काळ्या मातीला हात लावून सांगितलं, की आता या वावरात एकही कोल्हा उरला नाही. ठेलारी बिचारा पाया पडला आणि मुक्कामाला राहिला.

ठेलाऱ्याची बायको माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी असेल. नाल्यावर पाण्याला येई, तेव्हा आमची गाठ पडायची. मला ती माय म्हणायची. त्यांच्याकडे दोन कुत्री होती. कुत्रा नवऱ्याबरोबर कळपामागे जायचा आणि म्हातारी होत आलेली कुत्री कोकरांपाशी राहायची. कोकरांसाठी त्यांनी काट्यांचं कुंपण केलं होतं. बाई पाण्याला गेली की कुत्री त्या कुंपणाच्या तोंडाशी आडवी पडायची. हिच्या भरवशावर मी डोळा मिटते, असं ती बाई मला एकदा म्हणाली होती.

आता सासऱ्यांचा पराक्रम ऐका. एका मेंढीला मेलेलं कोकरू झालं. ठेलारी ते पुरायला निघाला, तर सालदार म्हणाला, दे इकडे, मी पुरतो. आणि त्याने ते नेऊन कोल्ह्याच्या बिळापुढे टाकलं. सासऱ्यांचाच हुकूम होता. नुसत्या दुधाने कोल्हा टिकायचा नाही, असं त्यांना वाटलं होतं. मेंढ्यांपासून कोल्ह्याला लांब ठेवायला म्हणून सहा कोल्हे मारणारा माणूस सातव्याला कोकराची चटक लावत होता. दुसऱ्या दिवशी मी परळ घेऊन गेले तर तिथे लोकर आणि एक खूर पडलेला होता. मी तिथेच ओकले.

त्यानंतर आठवड्याच्या आतच कुंपणातलं एक कोकरू गेलं. तीन दिवसांनी दुसरं. ठेलारी सासऱ्यांकडे आला, तर सासऱ्यांनी बाभळीकडे बोट दाखवलं.

तिसरं कोकरू गेलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. उजाडत होतं. मी परळ घेऊन बिळाकडे चालले होते आणि वरून तो कोल्हा उतरला. तोंडात कोकरू, आणि त्याचा स्वतःचा एक कान फाटून लोंबत होता. माझ्यापासून आठ-दहा पावलांवरून तो बिळात शिरला. कोकराचे मागचे पाय अजून हलत होते. मी ओरडायला हवं होतं. मी परळ नेहमीच्या जागी ठेवलं आणि घरी आले. लाज वाटते, पण तसंच केलं. घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं. त्या चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणाल्या, की चार दिवसांवर तारीख आली आहे, तोवर तोंड मिटून बस.

दोन तासांनी वावरातून बोलावणं आलं. न्याहारी घेऊन मी गेले, तर बाभळीखाली सगळे उभे होते. ठेलारी, त्याची बायको, सासरे आणि सालदार. मध्ये ती कुत्री. तिच्या जबड्याला रक्त लागलेलं होतं. ते कुठलं हे मला ठाऊक होतं. कोल्ह्याचा कान तिनेच फाडला होता.

कोल्हा शोधायला आलेल्या ठेलाऱ्याला सासरे शांतपणे म्हणाले, “तुन्ही कुत्रीना तोंडले रगत शे, आनि तू मन्हा वावरमा कोल्हा धुंडी ऱ्हायना.”

ज्या कुत्र्याने कोकरू खाल्लं त्याला ठेलाऱ्यांत ठेवत नाहीत आणि कोणाला देतही नाहीत. ज्याने त्याला पहिला घास दिला, त्यानेच त्याच्या गळ्यात दोर घालायचा, अशी त्यांची रीत होती. या कुत्रीला पिल्लापासून बायकोने भरवलं होतं, म्हणजे दोर तिनेच घालायचा. ती दोर हातात घेऊनच उभी होती. ती माझ्याजवळ आली आणि माझा चेहरा दिसावा म्हणून जरा खाली वाकली, कारण माझा पदर खालपर्यंत ओढलेला होता.

“माय, तू रोज सकायले नालावर येस,” ती म्हणाली. “आठे एखादा कोल्हा दखा का तू? खरं सांग.”

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांना गरजच वाटली नाही, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त चीड येते. कोणी माझा गळा धरला नव्हता. फार तर त्यांनी मला माहेरी पाठवलं असतं. एवढंच झालं असतं. पदराआडून मी म्हणाले, “नही. मी नही दखा.”

तिने मान डोलावली. माझ्यावर तिचा विश्वास होता. कुत्रीने दोरासाठी मान स्वतःच पुढे केली, कारण दर मुक्काम हलवताना बाई तिच्या गळ्यात असाच दोर अडकवत असे. पुढचं मी पाहिलं नाही असं म्हणू शकले असते, पण मी पाहिलं. त्याच बाभळीच्या फांदीवर, त्या सहा कोल्ह्यांच्या शेजारी. सालदार तंबाखू मळत होता. सासऱ्यांनी न्याहारीचं फडकं सोडलं, घास घेतला आणि ठेच्यात मीठ कमी आहे म्हणाले.

तारखेला ते पहाटेच नाल्यात जाऊन बसले, फाटक्या कानाच्या त्या जनावराचं तोंड मनसोक्त पाहून नंदुरबारला गेले आणि संध्याकाळी परत आले. प्रांतसाहेब रजेवर होते. तारीख पुढे ढकलली होती.

त्याच सकाळी ठेलाऱ्याची बायको पाण्याला आली असताना चौथं कोकरू गेलं. आता तिथे ना कुत्री होती, ना संशय घ्यायला दुसरं कोणी. मी घडा भरत होते. पाणी घेऊन परत गेलेली ती तशीच धावत पुन्हा नाल्यावर आली आणि माझ्यासमोर खाली बसली. रडत नव्हती. हात पाण्यात धरून नुसती चोळत होती.

“कुत्री इमानदार व्हती, माय,” ती म्हणाली. “मन्हा हातथून पाप घडनं.”

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तेव्हा तरी तोंड उघडायला हवं होतं. समोर सासरे नव्हते, सासूबाई नव्हत्या, आम्ही दोघीच होतो. सासऱ्यांचा, सालदाराचा, त्या बाभळीचा मला आयुष्यभर वीट आला आहे, पण त्या सकाळी मी जे केलं, त्यापुढे ते काहीच नाही. मी तिची समजूत काढली.

“तुले कोठे माहीत व्हतं?” मी म्हणाले. “यामा पाप कसानं?”

तिने माझा हात आपल्या दोन्ही ओल्या हातांत घेतला आणि डोळ्यांना लावला.